सालेन्तोचे जैतून : दोन जातींचा आणि त्यांच्या तेलाचा आढावा

इटलीच्या आग्नेय टोकास, एड्रियाटिक आणि आयोनियन ह्या दोन समुद्रांच्या दरम्यान निमुळता होत गेलेला जो सालेन्तो नावाचा भूभाग आहे, तेथे जैतुनाच्या, म्हणजे आपल्याकडील दुकानांतून ऑलिव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फळाच्या, दोन जाती इतका दीर्घकाळ आणि इतक्या दाटीने नांदल्या की, त्या प्रांताचा महसूल, तेथील सावकारी, तेथील बंदराची भरभराट आणि अखेरीस त्याची अवकळा ह्यांपैकी एकही गोष्ट त्यांना वगळून सांगता येत नाही. एकीचे नाव ओल्यारोला सालेन्तिना आणि दुसरीचे चेल्लीना दी नार्दो. २०१३ च्या ऑक्टोबरात गाल्लीपोली ह्या गावाच्या आसमंतातील झाडे शेंड्याकडून का वाळत आहेत ह्याचा उलगडा झाला, आणि तेव्हापासून ह्या दोन जातींविषयी जे लेखन झाले त्यातील बहुतेक एका रोगाविषयीचे आहे. ते स्वाभाविक असले तरी अपुरे आहे. रोगाने कोणती झाडे गाठली एवढे सांगून भागत नाही. तीच झाडे तेथे कोट्यवधींच्या संख्येने का उभी होती, हे सांगितल्यावाचून आपत्तीचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही. प्रस्तुत आढाव्याचा रोख मुख्यतः ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

सालेन्तोत सांगण्याजोगी नदी नाही. पाऊस पडतो तो चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली उतरतो, वर राहते ती तांबडी, पातळ, दगडगोट्यांनी भरलेली माती. अशा भूमीत धान्याचे पीक बेभरवशाचे. जैतुनाची मुळे मात्र खडकातील फटी शोधीत खोल जातात. ह्या प्रदेशात रानटी जैतुनाची झुडपे मुळातच विपुल होती, आणि शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी त्यांच्यावरच इच्छित जातींची कलमे बांधून बागा उभ्या केल्या. म्हणून त्या ओळीने लावल्यासारख्या न दिसता अरण्यासारख्या दिसतात, आणि त्यांतील कित्येक बुंध्यांना पीळ पडून ते आतून पोकळ झालेले आढळतात.

ओल्यारोला हे नाव दक्षिण इटलीत एकाच जातीचे नाही, ही गोष्ट अभ्यासकांनाही वारंवार घोटाळ्यात टाकते. बारी शहराजवळची ओल्यारोला निराळी, सिसिलीतील मेस्सीनाची निराळी. सालेन्तोतील जातीस गावोगाव पित्सूता, कियारीता अशी आणखी नावे आहेत. तिच्या फळात तेलाचे प्रमाण चांगले, आणि वेळीच काढलेले तेल चवीला सौम्य, किंचित बदामाच्या अंगाचे असते. चेल्लीनाचे फळ त्याहून लहान आणि पिकल्यावर गडद काळे. तिच्या तेलाला रानफळांचा गंध आणि अधिक कडवट, तिखट असा शेवट असतो. दोन्ही झाडे उंच आणि विस्तीर्ण वाढणारी, एक वर्ष भरभरून देऊन दुसऱ्या वर्षी हात आखडता घेणारी. लहान फळ आणि उंच झाड ह्या संयोगातच त्यांच्या पुढील इतिहासाचे बीज आहे. अशा झाडावरून फळे हाताने तोडण्याची मजुरी कोणत्याही मालकास परवडली नसती. म्हणून झाडाखालची जमीन सपाट व घट्ट करून ठेवावी, फळे आपोआप गळू द्यावीत आणि बायकांच्या टोळ्यांनी ती वाकून वेचावीत किंवा झाडून गोळा करावीत, हीच तेथील वहिवाट पडली.

जमिनीवर पडून राहिलेल्या फळात काय घडते हे रसायनशास्त्र आज नेमकेपणाने सांगते. फळाची साल फुटली की त्यातील विकरे आणि बाहेरून आलेली बुरशी स्निग्धांशाचे विघटन करू लागतात. मेदाम्ले सुटी होतात, तेलाची आम्लता चढते आणि त्याला कुबट वास येतो. असे तेल ताटात वाढण्याच्या लायकीचे नसते. परंतु दिव्याच्या वातीला चव नसते, आणि सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील शहरांना जे तेल हवे होते ते वातीसाठी, इंग्लंडातील लोकरीच्या कारखान्यांतील धाग्यांसाठी आणि मार्सेल्समधील साबणासाठी हवे होते. सालेन्तोची गरज आणि युरोपची मागणी ह्यांची अशी गाठ पडली. जगातील बहुतेक प्रसिद्ध तेलांची कीर्ती खवय्यांच्या जिभेवर उभी राहिली. ह्या तेलाची कीर्ती उजेडावर उभी राहिली, आणि ती लहान नव्हती.

ह्या व्यापाराचे मुख्य ठाणे गाल्लीपोली. पहिल्या महायुद्धातील लढाईमुळे आपल्या परिचयाचे झालेले तुर्कस्तानातील गॅलिपोली ते हे नव्हे. हे आयोनियन समुद्रातील एका बेटावर वसलेले आणि पुलाने मुख्य भूमीस जोडलेले जुने शहर. ह्या शहराखालचा खडक मऊ, सहज कोरता येण्याजोगा आहे. घरांच्या आणि वाड्यांच्या तळाशी त्यात मोठमोठी टाकी खोदून ठेवलेली असत, प्रांतभरातून आलेले तेल त्यांत ओतले जाई, आणि तेथे महिनोगणती स्थिर राहिल्याने त्यातील गाळ खाली बसून वरचे तेल इतके निवळे की ते जवळजवळ धूर न करता जळे. लंडनच्या बाजारात गाल्लीपोलीच्या तेलाचा भाव स्वतंत्रपणे नोंदला जात असे. उत्तरेकडील सेंट पीटर्सबर्गपर्यंत हे तेल गेले. ज्या शहरात फारसे काही पिकत नाही त्या शहरातील व्यापाऱ्यांनी टोलेजंग वाडे आणि अलंकृत देवळे बांधावीत, ह्याचे कोडे त्याच्या तळघरांत उलगडते.

परंतु त्या वैभवाचा जमाखर्च मांडताना दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. सालेन्तो ज्यात मोडे त्या नेपल्सच्या राज्यात तेलाची खरेदी आगाऊ उचलीवर चाले. हंगामाच्या कितीतरी आधी व्यापारी शेतकऱ्याला रक्कम देई आणि पुढे येणारे तेल ठरावीक पद्धतीने जाहीर होणाऱ्या भावात स्वतःच्या नावे बांधून घेई. तो भाव मालाची आवक सर्वांत मोठी असताना, म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळी निघत असे. अशा तेलाच्या पोचत्या करावयाच्या चिठ्ठ्या नेपल्समध्ये हुंड्यांसारख्या हातोहात विकल्या जात, त्यामुळे झाडावर अजून फळ धरलेले नसतानाच त्याचे तेल चारपाच मालकांच्या दप्तरांतून फिरून आलेले असे. कर्जातून सुटण्याचा मार्ग एकच, अधिक तेल. आणि अधिक तेलाचा मार्ग एकच, अधिक झाडे. बागांच्या विस्ताराचे श्रेय पुष्कळदा शेतकऱ्याच्या कष्टाळूपणास दिले जाते. त्यात सत्य आहे, पण सावकाराच्या वहीचाही त्यात बराच वाटा होता, असे म्हणणे मला भाग वाटते.

ह्यात भर पडली ती सरंजामदारांच्या मक्त्याची. कित्येक गावांत तेल काढण्याचा अधिकार केवळ जहागीरदाराच्या घाणीस असे. रयतेने आपली फळे तेथेच आणावीत, तेथेच पाळीची वाट पाहावी आणि ठरलेला हिस्सा द्यावा. ह्या घाण्या खडकात खोदलेल्या, भुयारी असत. थंडीत जैतुनाचे तेल गोठू लागते, आणि जमिनीखालची उष्णता हिवाळाभर जवळजवळ सारखी राहते, हे त्यांचे एक कारण. वर इमारत बांधण्यापेक्षा मऊ खडक कोरणे स्वस्त, हे दुसरे. मधोमध वर्तुळाकार दगडी तळी, तिच्यात उभा फिरणारा जड दगड, आणि आपल्या तेल्याच्या घाण्याचा बैल फिरतो तसे डोळे बांधून त्याला ओढणारे खेचर. बाजूस लाकडी स्क्रूचे दाबयंत्र, त्याखाली वाखाच्या गोल पिशव्यांत भरलेला लगदा, आणि अखेरीस तेल व पाणी वेगळे होण्यासाठी कोरलेली कुंडे, ज्यांतील सांडपाण्याच्या खड्ड्यास कामगार ‘नरक’ असे नाव देत. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत मजुरांची टोळी त्या भुयारातच राही, जेवी आणि निजे. टोळीच्या म्होरक्यास नाकीरो म्हणत, आणि त्याचा हुकूम जहाजावरील तांडेलाच्या हुकुमाइतकाच निर्विवाद असे. गाल्लीपोलीतील ग्रानाफेई वाड्याखालची अशी एक घाणी आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. तिच्या भिंतींत कोरलेल्या ज्या खोल्यांत फळांचे ढीग पाळीची वाट पाहत आठवडेच्या आठवडे पडून राहत, त्या पाहिल्या म्हणजे तेल निकृष्ट का निघे ह्याचे उत्तर शोधण्यास रसायनशाळेत जावे लागत नाही. मक्ता, विलंब आणि कुजणे ही तेथे एकाच साखळीची तीन कडी होती. १८०६ साली जोझेफ बोनापार्टच्या राजवटीत नेपल्सच्या राज्यातील सरंजामशाही कायद्याने नष्ट झाली. जुनी सवय मात्र फर्मानाने नष्ट होत नाही.

ही परिस्थिती कोणाच्याच लक्षात आली नव्हती असे नाही. गाल्लीपोलीतच १७२० साली जन्मलेला वैद्य जोव्हान्नी प्रेस्ता ह्याने आयुष्याचा मोठा भाग ह्याच प्रश्नास वाहिला. निरनिराळ्या जातींच्या, पक्वतेच्या निरनिराळ्या अवस्थांत काढलेल्या तेलाचे बासष्ट नमुने त्याने तयार केले, ते राजा चौथा फर्डिनांड ह्यास सादर केले आणि १७८८ मध्ये त्यांविषयीचे टिपण प्रसिद्ध केले. १७९४ मध्ये नेपल्स येथे जैतून, त्याची फळे आणि तेल काढण्याची रीत ह्यांवरील त्याचा विस्तृत ग्रंथ बाहेर पडला. त्याच्या प्रतिपादनाचा सारांश असा की, दोष झाडाचा नाही, वेचणीचा आणि दिरंगाईचा आहे; फळ झाडावरून उतरवून ताबडतोब दळले तर ह्याच भूमीतून उत्तम खाद्य तेल मिळेल. ह्या सर्व कथेत मला प्रेस्ता हा सर्वांत आदरणीय माणूस वाटतो, आणि त्याचे कोणी ऐकले नाही ह्याचे आश्चर्यही वाटत नाही. दिव्याचे तेल हातोहात खपत असताना मजुरी वाढवून ताटाचे तेल काढा, हे सांगणारा वैद्य व्यापाऱ्याच्या दृष्टीने शहाणा ठरणे शक्यच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात शहरांच्या रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे आले, शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी रॉकेल पोचले, आणि कारखान्यांतील वंगणाची जागा खनिज तेलाने घेतली. गाल्लीपोलीची टाकी रिकामी पडली. एखादे पीक वार्षिक असते तर शेतकऱ्याने पुढील हंगामात दुसरे बी पेरले असते. पण जैतुनाचे झाड शेकडो वर्षे जगते, आणि म्हणून ज्या कामासाठी ते लावले ते काम संपल्यावरही कोट्यवधी झाडे उभीच राहिली. जमिनीवरून वेचलेल्या फळांचे तेल आता शुद्धीकरणाच्या कारखान्यांकडे जाऊ लागले. युरोपीय कायद्याच्या वर्गवारीत ज्या नैसर्गिक तेलाची आम्लता शेकडा दोनहून अधिक असते त्यास आजही ‘लाम्पान्ते’, म्हणजे दिव्याचे, हेच नाव आहे; ते तसेच्या तसे खाण्यासाठी विकण्यास मनाई आहे, आणि शुद्ध केल्यावरच, थोडे चांगले तेल मिसळून, ते बाजारात येते. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ही श्रेणी इटलीच्या कायद्यात १९६० साली आली, तिची आम्लतेची मर्यादा आज ०.८ टक्के आहे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत ‘पोमेस’ असे लिहिलेला जो स्वस्त डबा मिळतो तो तर ह्याही पलीकडचा, पेंडीतून द्रावकाने काढलेल्या तेलाचा. त्यावर जैतुनाच्या फांदीचे चित्र पाहून गुणांची अपेक्षा करणाऱ्या गृहिणीने श्रेणीचे नाव आधी वाचावे, एवढे जाता जाता सांगणे अनुचित होणार नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रेस्ताचे म्हणणे दोनशे वर्षांच्या विलंबाने खरे ठरू लागले. जाळी अंथरून, यंत्राने फांद्या हलवून, फळ काळे पडण्यापूर्वी उतरवून त्याच दिवशी दळणारे काही उत्पादक पुढे आले, आणि १९९८ मध्ये ‘तेर्रा दोत्रान्तो’ ह्या नावास युरोपीय संघाचे संरक्षित उगमनामाचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच्या नियमांनुसार ह्या तेलात चेल्लीना आणि ओल्यारोला ह्यांचा वाटा किमान शेकडा साठ असावा लागतो. दिव्याच्या तेलाची जात म्हणून हिणवल्या गेलेल्या चेल्लीनाच्या तेलातील कडवटपणाला, म्हणजे त्यातील पॉलिफेनॉल द्रव्यांना, आता मोल येऊ लागले होते. तथापि हा सुधारलेला माल एकंदर उत्पादनाचा लहान भाग होता. पुलिया प्रांतात सुमारे सहा कोटी जैतून वृक्ष असल्याचे सांगतात. त्यांपैकी दक्षिणेकडील बागांच्या मालकांत वृद्ध, परगावी नोकरी करणारे आणि बागेकडे उत्पन्नापेक्षा वारसा म्हणून पाहणारेच बहुसंख्य झाले होते. छाटणी लांबे, तण माजे.

अशा अवस्थेत रोग आला. झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू झाडाच्या जलवाहिन्यांत राहतो, तेथे वाढून त्या तुंबवितो, आणि मुळाशी पाणी असूनही झाड तहानेने वाळते. अमेरिका खंडात तो नवा नव्हता. कॅलिफोर्नियातील द्राक्षबागा एकोणिसाव्या शतकातच त्याच्या एका उपजातीने उद्ध्वस्त केल्या होत्या. ब्राझीलमधील संत्र्यांवरील त्याच्या जनुकसंहितेचे वाचन २००० साली पूर्ण झाले तेव्हा वनस्पतींच्या रोगजंतूंपैकी तो मान मिळालेला तो पहिला जिवाणू होता. सालेन्तोत सापडलेला प्रकार मध्य अमेरिकेतील, बहुधा शोभेच्या कॉफीच्या रोपांतून आलेला; जनुकीय तुलनेवरून त्याचे आगमन २००८ च्या सुमारास झाले असावे असे संशोधक मानतात. कोवळ्या अवस्थेत गवतावर थुंकीसारख्या फेसात राहणारा आणि मोठेपणी झाडांचा रस शोषणारा एक सामान्य किडा त्याचा वाहक ठरला. काहींनी १७७७ मध्ये कोझिमो मोस्केत्तिनी ह्या वैद्याने वर्णिलेल्या ‘ब्रुस्का’ नामक पानकरपीशी ह्याची सांगड घालून रोग जुनाच असल्याचा दावा केला. जिवाणूची वंशावळ पाहता तो टिकत नाही.

रोगापेक्षाही त्याभोवतीचा वाद अधिक बोधप्रद आहे. उपाय नसलेल्या रोगाचा प्रसार रोखावयाचा तर रोगी झाड आणि त्याच्या सभोवारच्या शंभर मीटरांतील आश्रयी झाडे तोडावीत, असा युरोपीय आयोगाचा आदेश निघाला. आता, इटलीत जैतून तोडण्यास निर्बंध घालणारा कायदा १९४५ पासून अस्तित्वात होता, आणि पुलियाने २००७ मध्ये विशाल वृक्षांच्या रक्षणासाठी आणखी एक कायदा केला होता. ज्या शेतकऱ्यास सत्तर वर्षे सरकारने सांगितले की हे झाड तोडलेस तर गुन्हा, त्यालाच एके दिवशी सांगण्यात आले की हे न तोडलेस तर गुन्हा. त्याने आदेशाकडे संशयाने पाहिले ह्यात नवल कसले? परंतु संशयाची मजल पुढे गेली. संशोधकांनीच रोग आणल्याची कुजबूज सुरू झाली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सालेन्तोतील लेच्चे येथील सरकारी अभियोक्त्यांनी तोडावयाची झाडे जप्त करून ज्यांनी रोग ओळखला त्या शास्त्रज्ञांचीच चौकशी आरंभली. जून २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने तोडणीचा आदेश वैध ठरविला. शास्त्रज्ञांवरील प्रकरण २०१९ च्या मे महिन्यात दप्तरी दाखल झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिरंगाईबद्दल न्यायालयाने इटलीस दोषी धरले. तोवर किडा उत्तरेकडे सरकत राहिला. बाधित झाडांची संख्या दोन कोटी दहा लाख असल्याचे सांगितले जाते. तोडणीने दक्षिण टोक वाचले असते असे मला वाटत नाही, तेथे रोग ओळखला जाण्यापूर्वीच तो फार पसरला होता. पण उत्तरेकडील ओस्तूनीच्या मैदानातील पुराणवृक्षांना आणखी काही वर्षांची उसंत खचित मिळाली असती. जस्त, तांबे आणि सायट्रिक आम्ल ह्यांच्या फवाऱ्याने लक्षणे कमी होतात, जिवाणू नाहीसा होत नाही.

ह्या सर्व धामधुमीत एक गोष्ट मात्र निःसंशय दिसून आली. चेल्लीना आणि ओल्यारोला धडाधड वाळत असताना त्यांच्याच शेजारी उभी असलेली लेच्चीनो जातीची झाडे हिरवी राहिली. त्यांच्यातही जिवाणू शिरतो, पण त्याची संख्या पुष्कळच कमी राहते. पेरुजा येथील संशोधनसंस्थेने फ्रांतोयो जातीच्या रोपांतून निवडलेली एफएस-१७, जिला फाव्होलोझा असेही नाव आहे, तिचाही अनुभव तसाच आला. म्हणून बाधित क्षेत्रात पुनर्लागवडीस प्रथम ह्या दोनच जातींना परवानगी मिळाली, आणि आज लेच्चेच्या दक्षिणेस वाळलेल्या खोडांच्या जागी त्यांच्याच सडपातळ रोपांच्या दाट ओळी दिसतात.

शेतकऱ्याला दोष देण्याचा प्रश्न नाही. पाचसहा वर्षांत उत्पन्न हवे तर त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. परंतु दूरच्या दिव्यांसाठी एक सबंध प्रांत दोन जातींनी भरून टाकला गेला, आणि त्या दोघी एकाच जिवाणूपुढे दुबळ्या ठरल्या, हा प्रसंग डोळ्यांसमोर असताना तोच प्रांत पुन्हा दोन जातींनी भरला जावा, हे मला स्वस्थतेने पाहवत नाही. लेच्चीनोची सहनशक्ती ह्या एका जिवाणूच्या एका प्रकारापुरती आहे. दुसरा प्रकार, दुसरी कीड, दुसरे दुष्काळी दशक ह्यांविषयी ती काही हमी देत नाही. ह्या दृष्टीने अलीकडे परवानगीच्या यादीत आणखी काही जातींची भर पडू लागली हे चांगलेच झाले. त्याहून आशादायक वाटते ती बाधित बागांतून आपोआप उगवलेल्या रोपांची शोधमोहीम. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून बांधावर, पडक्या भिंतीलगत वाढलेली आणि रोगाच्या ऐन केंद्रातही न वाळलेली ही रोपे संशोधक हेरत आहेत, त्यांची जनुकीय तपासणी करीत आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या अंगी लेच्चीनोचे रक्त असल्याचे आढळते. चेल्लीना किंवा ओल्यारोला ज्यांची माता आहे अशी सहनशील रोपे हाती लागली, तर जुन्या तेलाचा काही अंश तरी नव्या झाडांतून उतरू शकेल. जुन्या बुंध्यांवर लेच्चीनोची कलमे बांधण्याचेही प्रयोग चालू आहेत. त्यांनी महावृक्षाचे खोड वाचेल, फळ मात्र परके असेल.

कायद्याच्या बाजूने प्रश्न वेगळाच उभा राहतो. फाव्होलोझाच्या बागेतून निघालेले तेल कितीही निर्दोष असले तरी चेल्लीना-ओल्यारोलाच्या शेकडा साठ वाट्याची अट पाळल्याखेरीज त्यास ‘तेर्रा दोत्रान्तो’ म्हणविता येत नाही, आणि ज्या प्रांतात त्या जाती वाळल्या तेथे ती अट पाळणार कोण? ‘पुलियाचे तेल’ हे व्यापक नाव अलीकडे संरक्षित झाले आहे, त्याच्या यादीत लेच्चीनो आणि फाव्होलोझा ह्यांना स्थान आहे. नव्या बागांचा माल बहुधा त्याच नावाखाली जाईल. जुन्या नावाची अट शिथिल करावी असे म्हणणारे आहेत, आणि अट शिथिल केल्यावर नावात उरले काय असे विचारणारेही आहेत. माझे मत दुसऱ्यांच्या बाजूचे आहे. त्या नावाचे तेल काही वर्षे अगदी थोडे निघाले तरी चालेल. ज्या थोड्या बागा अजून जगल्या आहेत त्यांच्या मालकांना त्या दुर्मीळ डब्याची किंमत मिळू द्यावी, म्हणजे ते त्या झाडांची छाटणी करतील आणि मार्च-एप्रिलमध्ये किड्याची पिले गवतावर असतानाच खालची जमीन नांगरून घेतील.